आप्पांच्या हाताची परीक्षा

माझे वडील पाणाड्याचं काम करायचे. ज्याला विहीर खणायची असेल, बोअर मारायचा असेल, त्याच्या रानात जाऊन ते उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचे, आणि जिथं खाली पाण्याची धार असेल तिथं नारळ आपोआप उभा राहायचा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्या घरात कित्येक वर्षं कशावरून वाजत होतं, ते एवढ्यावरून कळावं.

आम्ही मूळचे मेंढरांमागचे. आजोबांच्या काळापर्यंत कळप होता. पुढे महाळुंगे पडवळच्या शिवारात थोडी जमीन झाली, मेंढरं गेली आणि आप्पा शेतकरी झाले. शाळेत ते चौथीपर्यंत गेलेले, तेही कळप गावाजवळ असायचा तेवढ्या दिवसांपुरते. नारळ कुणी शिकवला असं विचारलं की म्हणायचे, "शिकवायचं काय त्यात? धरला, उभा राह्यला."

सकाळी सकाळी कुणीतरी दारात येऊन उभा राहायचा. "आप्पा, जरा पाणी बघाया येता का?" आप्पा काही न खाता निघायचे. रानाच्या बांधाशी चपला काढायच्या, देवाचं नाव घ्यायचं, शेंडी बोटांकडं करून नारळ हातावर ठेवायचा आणि उगवतीकडं तोंड करून चालायला लागायचं. मागे रानाचा मालक, त्याची माणसं आणि लहानपणी मी. सगळे गप्प. मग एखाद्या ठिकाणी आप्पांचं मनगट थरथरायचं, नारळ डुगडुगायचा आणि झोपेतून उठल्यासारखा सरळ व्हायचा. तिथं दगडाची खूण करायची, तोच नारळ फोडायचा, आणि आम्ही खोबरं खात घरी यायचो. या कामाचं ते काही घेत नसत. चहा घ्यायचे, पण तो पाणचट असला तर तोंडावर सांगायचे.

मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. मग मी जुन्नरला कॉलेजात गेले, भौतिकशास्त्र घेतलं आणि घरात कुणाला सुखानं जेवू देईना. सुट्टीत आले की मी सुरू.

"आप्पा, नारळ गोल असतो. तळहात जरा कलला की तो उठणारच. कलवता तुम्ही."

"मी न्हाई कलवत."

"मग कोण कलवतं?"

"पाणी."

"पाणी दोनशे फूट खाली. त्याला तुमचा हात कसा कळतो?"

यावर आप्पा बैलाला पाणी दाखवायला उठायचे. वाद टाळायचा असला की त्यांच्या बैलाला हमखास तहान लागायची.

आईचं भांडण निराळं होतं. आमच्या स्वतःच्या रानात विहीर नव्हती. चुलत्यांच्या पाइपातून पाणी मिळायचं, तेही त्यांचं भिजून झाल्यावर. आप्पा मात्र आपल्या रानात नारळ धरायला तयार नव्हते. तो त्यांचा नियम होता. "आपल्या रानात आपली हाव पुढं चालती, हात मागनं येतो," ते म्हणायचे. "तितं नारळ खरं बोलत न्हाई." आई म्हणायची, "लई सोयीचा हाय तुमचा नारळ." त्या बाबतीत मी आईच्या बाजूची होते. मला ती सरळ सरळ पळवाट वाटायची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दिवाळीत मी ठरवलं की आता बोलणं पुरे. चुलत्यांनी घोड नदीवरून नवी पाइपलाइन आणली होती. चर खणताना मी तिथं होते. आप्पा तेव्हा पाहुण्यांकडं गेले होते, आणि ते परत येईपर्यंत चर बुजून, रान नांगरून सपाट झालं होतं. वरून बघून कुणाला काही कळलं नसतं. मी आप्पांना म्हटलं, "चला, परीक्षा." ते हसत हसत आले. बांधावर चपला काढल्या. मी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला, ढेकळात पडू नयेत म्हणून डाव्या कोपराला धरलं आणि रानातून आडवंतिडवं फिरवलं. एकदा वरून, एकदा खालून, एकदा मुद्दाम गोल गोल फिरवून मग.

दरवेळी नारळ पाइपावर आला की उभा राहिला. दरवेळी.

मी त्या संध्याकाळी जेवले नाही. रडले, आणि रडताना रागानं उशी बुक्कीनं कुटली. कॉलेजात जे शिकले होते त्यात हे कुठं बसवायचं ते मला कळेना. आप्पांनी मला एका शब्दानं डिवचलं नाही. पण त्यांनी दुसरंच केलं, जे जास्त वाईट होतं. ते सगळ्यांना सांगू लागले, "लेकीनं डोळं बांधून बगितलंय. बी.एस्सी. हाय ती." बोलावणी वाढली. पार जुन्नरच्या पश्चिमेकडून माणसं यायला लागली. मी नारळाविरुद्ध बोलायला निघाले होते आणि त्याच्यावर शिक्का मारून बसले.

पुढची काही वर्षं मी गोंधळातच काढली. डिंगोऱ्याच्या शाळेत नोकरी लागली होती. शिकवताना मी ठाम असायची, घरी आल्यावर डळमळायची. पुस्तकं वाचली. विश्व म्हणजे एकच चैतन्य आहे, पाणी, मन, तारे सगळं एकाच लहरीवर डोलतं, असं सांगणाऱ्यांची व्याख्यानंही मंचरला जाऊन ऐकली. मला मनापासून पटवून घ्यायचं होतं. पण ती मंडळी भौतिकशास्त्रातले शब्द अंगाऱ्यासारखे लावत होती, जिथं दुखेल तिथं. एकाला मी विचारलं की हे तपासायचं कसं? तो म्हणाला, श्रद्धा असेल तर तपासावं लागत नाही. मी उठून निघून आले. आप्पांच्या हातावर माझी श्रद्धा होती, म्हणूनच तर मला तपासायचं होतं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. नारायणगावच्या पुढे खोडदच्या बाजूला आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या त्या अवाढव्य तबकड्या उभ्या राहिल्याला काही वर्षं झाली होती. वर्षातून एकदा तिथं सगळ्यांना आत जाऊन बघता यायचं. मी शाळेची मुलं घेऊन निघाले आणि आप्पांनाही बरोबर घेतलं. ज्वारीच्या रानांमधून ती जाळीची तबकडी दिसली तेव्हा मुलं ओरडली. आप्पा तिच्या खाली जाऊन मान वर करून उभे राहिले.

"हातच हाय की," ते शेवटी म्हणाले. "उताणा धरलेला."

माहिती सांगायला तिथला एक संशोधक होता, पस्तिशीचा, उन्हानं रापलेला. आप्पांनी त्याला गाठलं.

"काय ऐकतंय म्हणायचं हे?"

"फार लांबचे ढग, आजोबा. हायड्रोजन नावाच्या वायूचे. त्यांच्याकडून अगदी बारीक लहर येते."

मी मधे तोंड घातलं. "आप्पा, पाण्यात असतो तोच हायड्रोजन."

आप्पांचे डोळे चमकले. "म्हंजी हे बी पाणीच बघत्यात."

"अर्धं पाणी म्हणा," संशोधक हसून म्हणाला.

"पर तुमाला कसं कळतं, आवाज वरनंच आलाय? हितलाच कशाचा तरी आसंल."

त्या माणसाचा चेहरा बदलला. दिवसभर तो एकच माहिती पाठ म्हणत होता, आता पहिल्यांदा त्याला कुणी कामाचं विचारलं होतं. तो म्हणाला, "आजोबा, आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. रस्त्यावरून मोटारसायकल गेली तरी तिची ठिणगी आम्हाला ऐकू येते. विजेची तार कुरकुरते. कधी आमचंच यंत्र कुरकुरतं आणि आम्हाला वाटतं तारा बोलला. मग आम्ही तबकडी त्या जागेवरून बाजूला फिरवतो. तरी आवाज येतच राहिला तर समजायचं, तो आपलाच. आणि सगळ्यात जास्त कशाला जपावं लागतं सांगू? सापडावं अशी आपली इच्छा असते ना, तिला."

"ती आमच्यात बी हाय," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी त्याला नारळ सांगितला. आपल्या रानात तो का धरायचा नाही, तेही सांगितलं. संशोधक थट्टा करील म्हणून मी मनातून आखडून गेले होते. त्यानं केली नाही. तो म्हणाला, "हा नियम आमच्याकडंही आहे. उत्तर ज्याला हवं असतं त्याच्यापासून ते लपवून ठेवायचं. आम्हाला तो शिकावा लागला, तुम्हाला कुणी सांगितला?"

"सांगायचं काय त्यात? हात धरला का कळतं."

मी तिथं उभी होते आणि मला लाज वाटत होती. ज्याला मी इतकी वर्षं पळवाट म्हणत होते, तो प्रयोगाचा पहिला नियम होता. चौथी शिकलेल्या माणसानं तो स्वतःवर लावून घेतला होता, त्यापायी बायकोचे बोल खाल्ले होते, आणि मी पदवी घेऊनही तो ओळखला नव्हता.

आप्पा रंगात आले होते. "ह्या लेकीनं तर डोळं बांधून बगितलं. येकदा बी चुकलं न्हाई."

संशोधकानं माझ्याकडं पाहिलं. "डोळे बांधल्यावर त्यांना चालवत कोण होतं?"

"मी. कोपराला धरलं होतं."

"आणि पाइप कुठं आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. तो भल्या माणसासारखा मुलांकडं वळला. पाइपाजवळ येताना माझी बोटं त्या कोपरावर आवळली गेली असणार, पाय घुटमळला असणार, श्वास अडकला असणार. नारळ उभा राहावा असं मला वाटत होतं की पडावा असं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. काहीतरी फार जोरात वाटत होतं, एवढं नक्की.

मुलांना शाळेत पोचवल्यावर घरच्या एस.टी.त आप्पा खिडकीशी बसले होते. मंचर आलं तेव्हा म्हणाले, "परत घे."

"काय?"

"परीक्षा. त्यो म्हणला तशी. तुला बी ठावं नसाया पायजे अन मला बी."

मी म्हटलं, "आप्पा, राहू दे." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी कबूल झाले.

तयारी आम्ही दोघांनी मिळून केली, आणि माझ्यापेक्षा तेच कडक होते. चुलत्यांच्याच रानात, कारण ते आपलं नव्हे. मोटार सतत चालू ठेवायची, म्हणजे आवाजावरून काही कळायला नको. लांब उसापलीकडच्या हौदाशी पाणी दोन बाजूंना सोडता यायचं, एक वाट आप्पांच्या पायाखालून जाणारी, दुसरी भलतीकडं. मी हौदाशी बसायचं, डब्यातून न बघता चिठ्ठी उचलायची आणि तीत असेल तिकडं पाणी वळवून शाळेची शिट्टी वाजवायची. आप्पांनी नारळ धरायचा आणि शेजारी आईनं, जिला चिठ्ठीचं काही माहीत नाही, उभा की आडवा ते लिहायचं. पाइपातून पाणी वाहताना जमीन बारीक थरथरते असं मी म्हटलं, तर आप्पांनी स्वतःच पायाखाली गोणपाटाच्या चार घड्या घातल्या. "पाय बी नगं आसतील तर पाय बी काढ," म्हणाले.

वीस वेळा केलं. मग आईची वही आणि माझ्या चिठ्ठ्या बांधावर शेजारी शेजारी ठेवल्या. मी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिल्या. तोवर मला स्वच्छ कळून चुकलं होतं की त्यांनी जिंकावं अशीच माझी इच्छा होती, अगदी पहिल्यापासून.

"किती?" आप्पांनी विचारलं.

"निम्मे बरोबर. निम्मे चूक."

"म्हंजी नाणं उडवलं आसतं तरी…"

"तेवढेच."

त्यांनी गोणपाट झटकलं, घडी घातली. "बरं झालं तूच घेतलीस," म्हणाले. नारळ घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवला आणि त्या दिवसापासून कुणाच्याही रानात ते गेले नाहीत. माणसं यायची, आप्पा सांगायचे, "लेकीनं तपासलंय. न्हाई कळत नारळाला." माणसं आधी हसायची, मग माझ्याकडं रोखून बघायची आणि चहा न घेता जायची. आप्पांचं सकाळचं फिरणं बंद झालं. ओट्यावर बसून ते आपल्या उजव्या हाताकडं असं बघायचे, जसा तो कुणा दुसऱ्याचा आहे. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांचं येवढं येक व्हतं. ते बी काढून घेतलंस." मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

पण मी हट्टी आहे, आणि अपराधी वाटलं की माझा हट्ट वाढतो. परीक्षा बरोबर होती. मग आप्पांनी दाखवलेल्या विहिरींवर गावंच्या गावं भिजत होती, त्याचं काय? त्या सुट्टीत मी वही घेऊन बाहेर पडले. आप्पांनी जिथं जिथं खूण केली होती तिथं एस.टी.नं, जीपनं, पायी जाऊन पाहिलं. कोरड्या निघालेल्या विहिरी मुद्दाम विचारून घेतल्या, कारण पाणी लागलेली विहीर जो तो दाखवतो आणि कोरडीवर काटे टाकून मोकळा होतो. कोरड्याही निघाल्या, आप्पा सांगत त्यापेक्षा बऱ्याच जास्त. पण ज्या लागल्या होत्या त्यांच्याजवळ मला तीच तीच गोष्ट दिसू लागली. जवळपास उंबर. नाहीतर वारूळ. ओढ्याचं बुजलेलं जुनं वळण. मुरूम संपून काळा दगड सुरू होतो ती रेघ. पाण्याच्या या सगळ्या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या. मी आप्पांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला होता, पायाखाली गोणपाट घालू दिलं होतं, आणि मग म्हणत होते, बघू आता काय दिसतं.

मी घरी येऊन त्यांच्यासमोर बसले. "आप्पा, नारळाला कळत नाही. तुम्हाला कळतं. तुमचे डोळे बघतात, तळवे बघतात, आणि ते हाताला सांगतात. फक्त तुम्हाला कुणी सांगत नाही."

आप्पांनी तळहात उताणा-पालथा करून पाहिला. "मंग हात कुणी हालवला?"

"तुम्हीच."

"मी तर न्हाई हालवला. तुझी शपथ घेऊन सांगतो. मला मागनं कळायचं, हालला म्हणून. मंग तू म्हणतीस त्यो 'तुमी' कोण?"

माझ्या पुस्तकांत यावर एक ओळ नव्हती आणि मंचरच्या व्याख्यानवाल्यांकडं हवी तेवढी उत्तरं होती, पण ती त्यांनी तपासलेली नव्हती. आप्पांनी बैलाचं निमित्त काढलं नाही.

त्याच उन्हाळ्यात घाटघरच्या बाजूच्या एका वाडीवरून तिघं आले, दोन बाप्ये आणि एक म्हातारी. तिकडं पावसाळ्यात घरातून बाहेर पडता येत नाही आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन कड्याखालच्या झऱ्याला उतरतात. म्हातारीची सून त्या वाटेवर घसरून पाय मोडून पडली होती. वाडीला एक बोअर मंजूर झाला होता, एकच. बोअरची गाडी एवढ्या वर पुन्हा यायची नाही. आप्पांनी नेहमीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "न्हाई म्हणायचं तर तितं येऊन म्हणा. समद्या बाया वाट बघत्यात."

आम्ही गेलो. वाडीच्या मधे सगळे जमले होते. कुणीतरी शेंडीचा नारळ पुढे केला. आप्पांनी तो हातात घेतला, मग खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्याला काय कळत न्हाई. आमी नीट तपासलंय. मी तीस वर्सं दावलं, मला वाटायचं ह्यो दावतो." त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. मला माझ्या बापाचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला, तेवढा लहानपणीही वाटला नव्हता.

मग म्हातारी माझ्याकडं वळली. "मंग तुला दिसतं का पाणी, बाई?"

"नाही, आजी."

"न्हवं, तू शिकलीस ना?"

"नारळाला कळत नाही एवढं शिकले. पाणी कुठं आहे ते मला येत नाही सांगता."

हे बोलायला मला फार जड गेलं. आप्पांनी चपला काढल्या. "वही आणलीस ना?" त्यांनी विचारलं. "लिव्ह. मी थांबलो का इचार, का थांबलो."

तीन दिवस आम्ही सकाळी सकाळी ती वाडी पालथी घातली. आप्पा रिकाम्या हातानं चालायचे. मधेच पाय अडायचा. मी विचारायची, "इथं का?" पहिल्या दिवशी त्यांचं एकच उत्तर, "ठावं न्हाई." मी तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी चिडले, "तू इचारलंस का जातंय ते." मी जरा मागे राहून विचारू लागले. तिसऱ्या दिवशी खाचरांच्या वरच्या अंगाला, दोन टेकाडांच्या बेचक्यात ते थांबले आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "हितं मेंढरू बसलं आसतं."

"म्हणजे?"

"दुपारचं. चैतात. कळप सोडला का ती बराबर गार जागा धरत्यात, कुणी सांगावं लागत न्हाई. मी त्येंच्यात झोपायचो." स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना नवल वाटत होतं. मी खाली वाकून माती हातात घेतली. मला ती बाजूच्या मातीसारखीच लागली. मी वहीत लिहिलं: मेंढरू बसलं असतं.

वाडीनं तीच जागा धरली. दुसरी सांगणारं कुणी नव्हतंच. गाडी आली, आणि सकाळपासून धूळ उडत राहिली, नुसती कोरडी राखाडी धूळ. आप्पा एका दगडावर बसले होते, मी उभी होते. मी त्यांना म्हटलं की एका बोअरवरून काही सिद्ध होत नाही, लागलं तरी आणि नाही लागलं तरी. "माहीत हाय," ते म्हणाले. ते माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा लवकर शिकले होते. दुपार कलल्यावर धूळ ओली झाली, मग गाळ आला, आणि मग माणसाच्या उंचीएवढं पाणी उसळलं. बाया धावल्या. म्हातारीनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं आणि तिथंच खाली बसली.

आप्पा चिखलात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आणि मला भीती वाटली.

"लागलं, आप्पा."

"दिसतंय की." मग ते माझ्याकडं वळले. "पाणी लागलं का मी वर बघून हात जोडायचो. त्यानं दिलं, मी निस्तं दावलं. आता तू म्हणतीस, माझं मलाच कळलं. खरं बी आसंल. पर मंग हात कुणाला जोडू?"

मी काय काढून घेतलं होतं ते मला त्या वेळी पुरतं कळलं. नारळ गेल्याचं त्यांना दुःख नव्हतंच. आभार मानायला कुणी उरलं नव्हतं, आणि एवढं पाणी समोर उसळत असताना हात तसेच खाली सोडून उभं राहणं त्यांना सहन होत नव्हतं. खोटं बोलून त्यांची समजूत घालावी, असं मनात येऊन गेलं. त्यांनी ते लगेच ओळखलं असतं.

"ज्यानं तुमचा हात हलवला त्याला जोडा," मी म्हटलं. "तो वर आहे की तुमच्यात आहे, ते मला माहीत नाही. पण तो आहे. हात खरंच हलत होता. तो कोण, ते मी शोधते."

"घावंल?"

"सांगता येत नाही. पण सोडणार नाही."

आप्पांनी उजवा तळहात उघडला. त्यावर चिखलाचे शिंतोडे होते, ते सदऱ्याला पुसले. मग डावा हात आणून त्याला जोडला, आणि डोळे मिटले.